भिणारा पाळक

याकोबराव,

तुम्ही गेलात, त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी दुसरबीडला गेलो होतो. किराणावाला मिरच्यांची पुडी बांधता बांधता म्हणाला, "गुरुजी, तो भेकड पाद्री गेला म्हणे." मी हो म्हटलं. पुडीला दोरा गुंडाळून झाल्यावर तो म्हणाला, "मानूस चांगला होता पण." मला त्याचा राग आला नाही. भेकड हा शब्द तुम्हीच गावाला पुरवला होता. कुठलाही पाळक आपल्याबद्दल असं चारचौघांत सांगत नसेल. तुम्ही बाजारात लिंबाखाली उभं राहून, हातात टाळ घेऊन, पहिलं वाक्य हेच बोलायचात, "बाप्पाहो, मले भेव वाटून राह्यलं, म्हणून आवाज बारीक येते, जरा जवळ या." लोक हसत जवळ यायचे.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षी माझी बदली या गावात झाली होती. मी तेव्हा फार जोरात होतो. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत विज्ञानाची वाक्यं लिहून घेतली होती, गणपतीची वर्गणी द्यायला नकार दिला होता, आणि आता एक पाद्री बाजारात भजन म्हणतोय म्हटल्यावर त्याला चार प्रश्न विचारायला मी मुद्दाम गेलो. भर बाजारात विचारलं, "धर्म भीतीतून जन्मतो, हे तुम्हाला मान्य आहे का?" मला वाटलं, तुम्ही चिडाल किंवा शास्त्रातलं काहीतरी फेकाल. तुम्ही घाम पुसला आणि म्हणालात, "हाव गुरुजी. माया तं भेवातूनच झाला."

पुढचे तीन प्रश्न माझ्या तोंडातच राहिले.

तुम्ही कशाकशाला भ्यायचात, ते आठवलं की हसू येतं. कुत्र्याला भ्यायचात. खोल विहिरीत डोकावायला भ्यायचात. बैल शिंग हलवत आला की बांध सोडून वावरात उतरायचात. वरून मिशनचे साहेब आले की तुमच्या हातातला चहा बशीत सांडायचा, आणि ते साहेब एक दिवस कायमचे आपल्या देशाला निघून गेले तेव्हा त्याचीही तुम्हाला भीती वाटली. "आता आमची मंडळी आमीच," तुम्ही म्हणालात, "आन् आमी कोण? मी आन् सात घरं." मग सातांची चार झाली. मुलांच्या शिक्षणाच्या सवलती ख्रिस्ती म्हणून बंद झाल्या होत्या, आणि दुसरीकडे बौद्ध धम्माची नवी, ताठ मानेची वाट उघडली होती. तीन घरं त्या वाटेनं गेली. तुम्ही त्यांच्या दारी जाऊन भांडला नाहीत. त्यांच्या घरच्या लग्नाला गेलात, पंगतीत वाढलंत. घरी परत येताना मात्र मला म्हणालात, "गुरुजी, मले वाटते का मी या गावातला शेवटचा पाळक हावो. मायामागं प्रार्थनाघराले कुलूप लागंल."

मी तेव्हा काय म्हणालो, ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, लागू द्या की. शाळा आहे, दवाखाना होतोय, पक्की सडक येतेय. माणसाचं भय हळूहळू कमी होईल, मग देवाची गरजही कमी होईल. यात वाईट काय?  तुम्ही विचारलंत, "आन् मरनाचं काय करान, गुरुजी?" मी म्हणालो, दिवा विझतो तसं, त्यात भ्यायचं काय? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत वाद जिंकायची इच्छा नव्हती, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमाले कधीच भेव नाही वाटत?" मी नाही म्हटलं. तेवढ्यात तुमचं घर आलं आणि तो वाद तिथेच राहिला. नंतर कितीदा वाटलं, तो पुन्हा काढावा.

गोदाबाईंचं जे झालं ते मात्र सगळं नीट सांगावंसं वाटतं, कारण गावात त्याची आता भलतीच गोष्ट झाली आहे. म्हणतात, पाद्र्यानं फूस लावली. तुम्ही, आणि फूस!

गोदाबाई म्हणजे किसनरावांची विधवा भावजय. किसनरावांचा नदीकडेचा मळा, वांगी, मेथी, कांदा. गोदाबाई नवऱ्यासोबत त्याच मळ्यात राबायची. नवरा पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा घरचे एकेक करून कामाला लागले आणि जवळ बसायला कोणी उरलं नाही. तुमच्या पत्नी मार्थाबाई जाऊन बसायच्या. त्याला वारा घालायच्या, त्याची धोतरं-चादरी धुवायच्या. देवाचं नाव त्यांनी तिथे काढलं नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी त्यांना विचारलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, "त्या मानसाले पाणी पाहिजे होतं, गुरुजी." नवरा गेला. महिना-दीड महिन्यानं गोदाबाई रविवारी तुमच्या प्रार्थनाघराच्या बाहेर, ओट्यावर येऊन बसू लागली. आत यायची नाही. भजन संपलं की उठून जायची. पुढे एकदा ती आत आली आणि उपासना झाल्यावर म्हणाली, "बाबा, मले बाप्तिस्मा द्या."

तुम्ही म्हणालात, एक वर्ष थांब.

मी तुम्हाला त्यावरून फार बोललो. देवावर माझा विश्वास नव्हता, पण तिच्या हक्कावर होता. मी म्हणालो, "तुम्ही किसनरावांना भिऊन तिला थांबवताय." तुम्ही कबूल केलंत, "भेतो. लय भेतो. पन तिले थांबवलं ते त्याच्यासाठी नाही. तिले सासर हाय, मळा हाय, तिचं समदं तिथं हाय. हे समदं जाईल. हे मी तिले सांगतलं. आता तिले वर्षभर त्याचा विचार करू द्या." आणि पुढे म्हणालात, "आन् चोरून नाही देनार मी. आधी किसनरावाले सांगीन. चला तुमी संगं."

मी विचारलं, मी कशाला?

"त्याइच्या मळ्यात कुत्रं हाय."

आपण दोघं गेलो. कुत्रं खरंच होतं, आणि तुम्ही माझ्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे होत होतात. किसनराव मोटेजवळ बसले होते. उठले नाहीत. तुम्हाला बसा म्हणाले नाहीत, मला म्हणाले. तुम्ही उभ्यानंच सांगितलंत की तुमची भावजय बाप्तिस्मा मागते आहे.

"लालूच काय देली तिले?" किसनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. म्हणूनच मला धडकी भरली.

"काईच नाही."

"मंग काऊन येऊन राह्यली ती तुमच्यात?"

"मलेबी पुरतं नाही समजलं, किसनराव."

मी मध्ये पडलो. म्हणालो, घटनेनं प्रत्येकाला आपला धर्म निवडायचा हक्क दिला आहे. किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं, जसं वर्गातल्या आगाऊ पोराकडे पाहतात तसं. "गुरुजी, घटना दिल्लीत राह्यते. अथी मी राह्यतो." मग तुमच्याकडे वळून, "पाद्रीबाबा, तुमी तिले पान्यात घातलं तं या गावात तुमचं काई खरं नाही."

तुमचे दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले होते. मला दिसत होतं, ते का गुंडाळले होते. तुम्ही म्हणालात, "मले तुमचं भेव वाटते, किसनराव. खोटं नाही सांगत. पन वर्षानं तिनं पुन्हा मागतलं तं मी देईन."

परतताना तुम्ही नाल्यात खाली बसलात आणि ओकलात. मी तुमची पाठ चोळत होतो. 

त्यानंतरचं वर्ष तुमचं कसं गेलं, ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. गिरणीवाला मार्थाबाईंचं दळण घेईना. त्यांनी जातं काढलं. न्हाव्याला तुमच्या घरी यायला वेळ मिळेना. माझ्याबद्दल वरच्या कचेरीत कुणीतरी कळवलं की शाळामास्तर पोरं बाटवतो. तेव्हा तुम्ही स्वतः शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिलात, आत न येता. "गुरुजी, काई दिवस आमच्याकडे येऊ नका. तुमाले पोरी हायेत." मला अपमान वाटला. मी म्हणालो, मी कुठे जायचं ते मी ठरवीन. आणि यायचंही सोडलं नाही. पण आता लिहितो, याकोबराव, तुमच्या दारात शिरण्याआधी मी प्रत्येक वेळी मागे वळून पाहायचो. तुम्ही ते पाहत होतात आणि कधी बोलला नाहीत.

वर्ष झालं, आणि गोदाबाईनं पुन्हा मागितलं.

खडकपूर्णेला तेव्हा कमरेइतकं पाणी होतं. सकाळ होती, चांगलं ऊन पडलं होतं. काठावर तुमच्या चार घरांतली बायामाणसं, आणि थोडं लांब मी. पलीकडच्या काठावर किसनराव, त्यांचे दोन भाऊबंद आणि बैलगाडी. हातात काठ्या होत्या, पण काठ्या तर बैल हाकणाऱ्याच्या हातात असतातच, असं मी स्वतःला सांगत होतो. तुम्ही धोतर खोचून पाण्यात पाय टाकलात आणि थांबलात. मला माहीत होतं. तुम्हाला पोहता येत नव्हतं. मागच्या वेळी दोघा जणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा देऊळगाव राजाहून दुसरे पाळक आले होते, तुम्ही काठावर उभे होतात. आज दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही घोट्याइतक्या पाण्यात उभे होतात आणि पुढे पाऊल पडत नव्हतं. पलीकडून कोणीतरी हसलं.

तेव्हा गोदाबाई तुमच्या पुढे गेली. तिनं तुमचा हात धरला. मळ्यात पाटाचं पाणी धरायची सवय असलेली बाई ती, पाय चाचपत, वाळू कुठे घट्ट आहे ते बघत, ती तुम्हाला आत घेऊन गेली. "या बाबा," ती म्हणत होती, "अथी खोल नाही, या." कमरेइतक्या पाण्यात पोचल्यावर तुम्ही हात सोडवून घेतलात, तिच्या डोक्यावर ठेवलात आणि शब्द म्हणालात. ते शब्द सगळ्यांना ऐकू आले, पलीकडच्या काठावरही. एवढा मोठा आवाज तुमचा मी आधी कधी ऐकला नव्हता. मग तिला पाण्यात घातलंत, वर काढलंत, आणि परत येताना पुन्हा तिनंच तुमचा हात धरला.

किसनरावांनी गाडी वळवली.  संध्याकाळी गोदाबाईचं गाठोडं घराबाहेर ठेवलेलं होतं. ती तुमच्याकडे राहायला आली. ज्या मळ्यात तिनं वांगी लावली होती, त्याच्या बांधावरून जायचीही तिला बंदी झाली. ती रोजंदारीला दुसऱ्यांच्या वावरात जाऊ लागली. तुम्हाला त्याचं फार लागलं होतं. "मी तिले उघड्यावर आनलं, गुरुजी." मी म्हणालो, ती स्वतः आली. तुम्ही मान हलवली, पण तुम्हाला ते पटलं नव्हतं. हाही आपला एक वाद राहिलाच. आता वाटतं, त्यात तुमची बाजू अर्धी बरोबर होती. माणसाला हक्क आहे म्हणून मोकळं होणं माझ्यासारख्याला सोपं असतं. तुम्हाला तिच्या जेवणाची काळजी करायची होती.

मग हा पावसाळा. तुम्हाला ताप आला, छातीत कफ भरला. दवाखान्याच्या गाडीची वाट पाहिली, नदीला पाणी आल्यामुळे ती पलीकडेच अडकली. शेवटच्या दुपारी मी जवळ होतो. मार्थाबाई त्याच खोलीत कोपऱ्यातली चूल पेटवायला उठल्या होत्या. गोदाबाई दारात बसून तुमच्यासाठी लिंबाचा काढा गाळत होती.

मी इथे फार विचार करून लिहितो आहे. तुमच्या मंडळीतल्या कोणाला वाटेल, पाळकाचा अंत असा लिहू नये. शेवटी तुमचा चेहरा उजळला, तुम्ही वर बोट दाखवलंत, असं मी लिहू शकलो असतो. मार्थाबाईंना ते ऐकून बरं वाटलं असतं. पण त्या तिथे होत्या, त्यांना माहीत आहे. तुम्ही माझं मनगट धरलं होतंत, आणि तुमची पकड इतकी घट्ट होती की नंतर दोन दिवस तिथं निळं होतं. "गुरुजी, मले भेव वाटते." तुम्ही आयुष्यभर हे वाक्य म्हणत आला होतात. पण या वेळी बाजारातलं हसू त्यात नव्हतं.

 'भिऊ नका' म्हणायला माझ्याकडे आधार कुठला होता? दिव्याचं ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मला त्याची किळस वाटली.  मग तुम्ही पुटपुटू लागलात. प्रार्थनाच होती ती, मी कान जवळ नेला. तुम्ही त्याला तेच सांगत होतात, जे मला सांगितलं होतंत. मले भेव वाटते, बापा. मले भेव वाटते. दुसरं काही मागत नव्हतात. तेवढंच पुन्हा पुन्हा, जसं लहान पोर बापाचा सदरा ओढून एकच गोष्ट सांगत राहतं. थोड्या वेळानं आवाज थांबला. माझ्या मनगटावरचा हात तसाच होता.

तुम्ही भिऊन गेलात, याकोबराव. आणि कोणाशी तरी बोलत गेलात. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या. त्यानंतर मला झोप नीट लागत नाही. माणसानं तुमच्याइतका विश्वास धरूनही जर एवढं भ्यायचं असेल, तर माझ्यासारख्यानं, ज्याला सदरा ओढायला कोणी नाही, काय करायचं? तुम्ही विचारलं होतंत, कधीच भेव नाही वाटत का. आता सांगतो. वाटते. फार वाटते.

नदी उतरत नव्हती. देऊळगाव राजाच्या पाळकांना निरोप पोचला असता तरी ते येऊ शकले नसते. मंडळीतल्या मोठ्या माणसांत वाचता येणारे तुम्ही एकटे होतात. मार्थाबाई माझ्या दारी आल्या. डोळे कोरडे होते. "गुरुजी, दफनाच्या वक्ताले शास्त्र वाचा लागते. आमच्यात कोनी नाही. तुमी वाचान का?"

मी काही बोलायच्या आत माझी बायको आतून म्हणाली, "अहो, पोरींची लग्नं व्हायची आहेत." ती कठोर बाई नाही. तुमच्या घरी आजारपणात दोनदा भाकरी पाठवली होती तिनं. ती घाबरली होती. मार्थाबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "बाई बरोबर म्हणते, गुरुजी. नाही जमलं तं आमी तसंच मातीआड करू." आणि वळल्या. मी चप्पल घातली. बायकोनं पुन्हा काही म्हटलं नाही, छत्री आणून दिली.

स्मशानाकडची वाट किसनरावांच्या मळ्यातून जाते, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही चौघांनी तुम्हाला खाटेवर उचललं होतं. किसनराव वाटेवर उभे होते. माझ्या काखेत तुमचं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. त्यांनी पुस्तक पाहिलं, मग मला पाहिलं. "तुमीबी, गुरुजी?" मी म्हणालो, "मी वाचायला आलो आहे." माझा आवाज किती बारीक आला! किसनराव बाजूला झाले. "मेलेल्या मानसाशी माह्यं भांडन नाही. घेऊन जा." आम्ही पाऊल उचललं तसं ते म्हणाले, "ती बाई माह्या बांधावर पाय ठेवनार नाही."

गोदाबाई सगळ्यांच्या मागे होती.  तिनं पदर खोचला आणि नाल्याच्या वाटेला लागली, म्हणजे गुडघाभर चिखलातून अर्धं गाव वळसा घालून. तिला एकटीला जाताना पाहत आम्ही उभे होतो. तेवढ्यात मार्थाबाई खाटेजवळून हलल्या. नवऱ्याच्या मयतावरून हलल्या, आणि तिच्या मागे निघाल्या. मग बाकीच्या बाया. म्हाताऱ्या हन्नाबाईंना दिसतही नाही धड, त्यांनी कोणाचा तरी खांदा धरला आणि त्याही चिखलात उतरल्या. बांधावरून फक्त आम्ही चौघं पुरुष आणि तुम्ही गेलो. किसनराव त्या बायांकडे पाहत राहिले होते. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, आणि मी उगाच अंदाज करत नाही.

खड्ड्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पाऊस भुरभुरत होता. बाया आल्या तेव्हा मांडीपर्यंत चिखल होता. मी पुस्तक उघडलं. मेलेले पुन्हा उठतील असं सांगणारा तो भाग तुम्ही मला कितीदा वाचून दाखवला होतात, आणि मी त्यावर कितीदा शंका काढल्या होत्या. आता त्याच ओळी मला मोठ्यानं वाचायच्या होत्या, आणि ऐकणारी माणसं त्या शब्दांवर सगळा भार टाकून उभी होती. मला वाटलं, माझ्या आवाजात जरा जरी शंका डोकावली तरी यांच्या पायाखालचं काहीतरी ढासळेल.   मी वाचलं. कुठेही अडखळलो नाही. मला ते खरं वाटलं का, असं तुम्ही विचाराल, तर मी म्हणेन, तेव्हा मला तो प्रश्नच आठवला नाही.

आठवड्यानं शाळेची तपासणी झाली. अधिकारी चहा पिताना म्हणाले, "काय हो, धर्म बदललात असं ऐकतो." मी म्हणालो, "नाही साहेब." "मग स्मशानात पुस्तक कशाला वाचलं?" मी म्हणालो, "मित्र होता." त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, सरकारी नोकरीत मित्रही बघून करावेत. ते असं हसत म्हणाले, पण तेव्हापासून कुठलाही लखोटा आला की मी आधी त्यावरचा शिक्का बघतो. बदली कुठे, सोनाळ्याकडे डोंगरात टाकतात की आणखी लांब, काही सांगता येत नाही.

आणि तुमच्या प्रार्थनाघराला कुलूप लागलेलं नाही, हे सांगायचं राहिलंच. पहिल्या रविवारी बायांनी मला बोलावलं, नुसतं वाचायला. मी गेलो. वाचलं, आणि प्रार्थनेच्या वेळी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारच्या आधी गोदाबाई शाळा सुटल्यावर फाटकाशी आली. "गुरुजी, तुमी रोज रोज आमच्यापाई कायले जीव धोक्यात घालता? मलेच शिकवा. बाबानं मले बाराखडीपर्यंत शिकवलं होतं." मला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही तिला शिकवत होतात आणि शाळामास्तराला सांगितलंही नाहीत.

मग मी रोज संध्याकाळी मार्थाबाईंच्या अंगणात बसू लागलो. जोडाक्षरांनी तिला फार छळलं. रोजंदारीवरून आलेली बाई, बोटं मातीनं भेगाळलेली, डोळे मिटायला लागलेले, आणि समोर जोडाक्षर. रडायला यायचं तिला, पण रडायची नाही. पाऊस सरला, नदी उतरली, कापूस फुटायला लागला. देऊळगाव राजाचे पाळक येऊन गेले. ते महिन्यातून एकदा येतील. बाकीचे रविवार तुमच्या मंडळीचे.

काल रविवार होता. गोदाबाई पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचणार होती. मी या वेळी ओट्यावर न बसता आत, दाराजवळ बसलो. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचू लागली. एकेक शब्द, मध्ये मोठी मोठी जागा सोडून. चौथी ओळ झाली असेल आणि पत्र्यावर पहिला दगड पडला. पत्र्याच्या घरात दगडाचा आवाज किती मोठा होतो, ते सांगून कळायचं नाही. मग दुसरा, तिसरा. हन्नाबाईंनी कान झाकले. एक लेकरू रडायला लागलं. बाहेर पोरांच्या पळण्याचा आवाज, आणि त्यामागे मोठ्या माणसांचा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण दार माझ्याजवळ होतं.

गोदाबाईनं वाचणं थांबवलं होतं, पण बोट उचललं नव्हतं. ती वाट पाहत होती, गाडी जाईस्तोवर बाजूला थांबावं तशी. आवाज जरा थांबला, तसं बोट होतं त्याच शब्दावरून तिनं पुन्हा सुरू केलं.

मी उठलो. दार लावून घ्यावं असंच मनात होतं, मी तुम्हाला खोटं सांगत नाही. कडीला हात लावला, आणि मग दार पुरतं उघडून उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो, सगळ्यांना दिसेन असा. मला फार भीती वाटत होती, याकोबराव.  माझ्या पाठीमागे ती पुढची ओळ वाचत होती.